विहिरीवरचं डिझेल इंजिन होडीला बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहिरीवर वीज आली आणि गावोगावची पाच-सात एचपीची डिझेल इंजिनं गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडली. खाडीकाठच्या माणसाला ते बघून एकच सुचतं: हे होडीला बसेल का? पुढचे प्रश्न त्याच विचारातून येतात. इथे धरलेली होडी १८ ते २५ फुटी, लाकडी किंवा फायबरची, खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरणारी. इंजिन एक सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं, मिनिटाला १५०० फेऱ्यांचं. मोठ्या ट्रॉलरचा हिशेब वेगळा आहे, तो इथे नाही.

विहिरीवरचं इंजिन होडीत खरंच चालतं का?

चालतं, आणि चांगलं चालतं. ही इंजिनं बनलीच आहेत दिवसभर एका वेगाने, भार घेऊन, फारशी देखभाल न मागता चालायला. होडीचं कामही नेमकं तसंच असतं. बीडाचं जाड ओतकाम, जड फ्लायव्हील, हँडल मारून सुरू होणं, इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. खाऱ्या हवेत हे सगळे गुणच. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली, तेव्हापासून या जातीच्या इंजिनांचे सुटे भाग राज्यभर कुठेही मिळत आले आहेत. नोझल, रिंगा, गॅस्केट तालुक्याच्या गावात मिळतात, आणि न मिळालेला भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात कोणीतरी बनवून देतो.

पण इंजिन हा या कामाचा सोपा भाग आहे. वेळ आणि पैसा जातो तो इंजिनाच्या भोवती: पाणी आत कुठून येतं, धूर बाहेर कुठून जातो, आणि फ्लायव्हीलपासून पंख्यापर्यंतची (प्रोपेलरपर्यंतची) ओळ सरळ आहे का. होडीतली इंजिनं झिजून मरत नाहीत, बहुतेक वेळा पाण्याने मरतात.

माझ्या होडीला किती एचपी लागेल?

लोकांना वाटतं त्यापेक्षा कमी. पाणी कापत जाणाऱ्या होडीला तिच्या लांबीने ठरलेली वेगमर्यादा असते. पाण्यावर टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. २० फुटांना सुमारे ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. त्यापुढे दुप्पट एचपी घातली तरी होडी मागून बसते, लाट मोठी होते आणि डिझेल जातं. वेग जेमतेम वाढतो.

माणसं, जाळी, बर्फ धरून वजन दीड-दोन टन असेल, तर ५ ते ७ एचपी पुरेत. टनामागे तीन-चार एचपी हा माझा ठोकताळा. खाडीच्या मुखाशी उधाणाच्या सुकतीला पाण्याला दोन नॉटची ओढ सहज असते, आणि समोरून वारा आला की हातात थोडी ताकद शिल्लक लागते. म्हणून पाच आणि सातमध्ये अडला असाल तर सात घ्या. सात आणि पंधरामध्ये अडला असाल, तरीही सातच घ्या.

एअर कूल्ड इंजिन घेतलं तर पाण्याची भानगडच नको. मग तेच का नको?

उघड्या होडीत चालेल. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांना लांब शाफ्टची एअर कूल्ड डिझेल इंजिनं लावतात आणि माणसं त्यांच्यावर रोजची मासेमारी करतात. अडचणी तीन. आवाज फार. थंड करून झालेली गरम हवा होडीबाहेर गेली पाहिजे. पेटीत कोंडलं तर इंजिन तीच हवा पुन्हा ओढतं आणि तापतं. शिवाय सिलिंडरच्या फिन्समध्ये मीठ, तेल आणि धूळ मिळून थर बसतो, तो वेळच्या वेळी धुवावा लागतो. हाताशी एअर कूल्ड इंजिन आहे आणि होडी उघडी आहे, तर वापरा. केबिनच्या होडीत नको.

जीपचं किंवा टेम्पोचं जुनं इंजिन?

कुर्ल्याच्या भंगार बाजारातून उचलून आणलेली अशी इंजिनं किनाऱ्यावर दिसतात. पण २० फुटी होडीला ५० एचपीचं काय करायचं? ते कायम अर्ध्याहून कमी भारावर चालणार. डिझेल इंजिनाला असं रेंगाळणं मानवत नाही. कार्बन धरतं, सिलिंडर गुळगुळीत होतो, तेल खायला लागतं. २८-३० फुटांच्या पुढे आणि जास्त वजन असेल तर विचार करा. तेव्हाही जुन्या पद्धतीचा, यांत्रिक पंपाचा नमुना बघा. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक जळणपुरवठा) आणि सेन्सर असलेलं इंजिन भर समुद्रात बंद पडलं तर तांडेलाने करायचं काय?

जुनं इंजिन घेताना काय बघायचं?

थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. डिकॉम्प्रेशनचा लिव्हर खाली ठेवून, म्हणजे सिलिंडरमधला दाब न सोडता, हँडल हळू फिरवा: कॉम्प्रेशन चांगलं असेल तर ते हाताला अडतं आणि सोडल्यावर मागे ढकलतं. सुरू झाल्यावर ब्रीदरवर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडावर, तळहात धरा. फसफस जोरात आली, तेलाचे थेंब उडाले, तर रिंगा गेल्यात. तेलाची पट्टी बाहेर काढा. दह्यासारखा फेस दिसला तर पाणी आत येतंय. आणि पाण्याच्या वाटेवरचं एखादं झाकण उघडून आत बोट घाला. विहिरीच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या इंजिनात क्षाराचा इतका जाड थर असतो, की अर्धी वाट बुजलेली असते. तो काढल्याशिवाय पुढचं काही करू नका.

विहिरीवर पंपाचंच पाणी इंजिनातून फिरत होतं. तसंच खाडीचं पाणी थेट फिरवलं तर?

फिरवता येतं. याला थेट कूलिंग म्हणू. जुन्या होड्यांत हेच असे. बीडाचं जाड इंजिन खाऱ्या पाण्यात लगेच मरत नाही, काही वर्षं काढतं. पण तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, तापमान. खारं पाणी ६० अंशांच्या पुढे तापलं की त्यातले क्षार आतल्या भिंतींवर बसायला लागतात. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून तापमान आणखी चढतं, म्हणून थर आणखी वाढतो. उलट, पाणी भसाभस सोडून इंजिन गारठवलं तर तेही वाईट: थंड सिलिंडरवर जळणातल्या गंधकाचं आम्ल धरतं आणि रिंगा लवकर झिजतात. विहिरीवरच्या इंजिनांना बहुतेक थर्मोस्टॅट नसतो. म्हणून पंप आणि इंजिन यांच्यामध्ये एक बायपास आणि त्यावर व्हॉल्व्ह घाला. पंपाचं जास्तीचं पाणी बायपासने बाहेर, हवं तेवढंच इंजिनात. बाहेर पडणारं पाणी ५० अंशांच्या आसपास ठेवायचं. थर्मामीटर नसेल तर धारेखाली हात धरा: धरवतो, पण फार वेळ नाही, अशी धार बरोबर.

दुसरी, झिंक. तांबं, पितळ, बीड आणि स्टील एकाच खाऱ्या पाण्यात आले की त्यांची बॅटरी बनते आणि सगळ्यांत कमकुवत धातू खाल्ला जातो. तो आपण ठरवायचा. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेत झिंकची पेन्सिल बसवा, शाफ्टवर झिंकची कडी. अर्धं झिंक संपलं की बदला. त्यावर रंग फासू नका. रंगवलेलं झिंक निव्वळ वजन. रंगकामाच्या उत्साहात दर वर्षी कोणीतरी ते रंगवतंच.

तिसरी, पितळ. बाजारात नळाचं साधं पितळी फिटिंग स्वस्त मिळतं. खाऱ्या पाण्यात त्यातला जस्ताचा अंश निघून जातो, उरतं ते गुलाबी, ठिसूळ, भुसभुशीत तांबं. असा कॉक एक दिवस हातात तुटून येतो, आणि तो पाण्याच्या पातळीखाली असतो. होडीच्या तळातून जाणारं प्रत्येक फिटिंग गनमेटल किंवा ब्राँझचंच हवं. इथे पैसे वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा.

मग हीट एक्स्चेंजर बसवू, की तळाला पाइप लावू?

दोन्हींत इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट फिरतं, त्यामुळे ते ८० अंशांच्या आसपास, म्हणजे त्याला मानवेल अशा तापमानावर चालतं. एक्स्चेंजरमध्ये समुद्राचं पाणी नळ्यांच्या आतून जातं आणि उष्णता घेऊन बाहेर पडतं. तळपाइपात गोडं पाणीच पठाणाच्या, म्हणजे होडीच्या तळाच्या मधल्या तुळईच्या, कडेने बाहेर लावलेल्या पाइपातून फिरून थंड होऊन परत येतं.

कोकणातल्या खाडीसाठी माझं मत तळपाइपाकडे. पावसाळ्यानंतर खाडीचं पाणी गढूळ असतं, ओहोटीला होडी चिखलावर टेकते, आणि एक्स्चेंजरच्या बारीक नळ्या व गाळणी रेव्याने भरतात. तळपाइपाला समुद्राचा पंप नको, गाळणी नको, तळाला भोक फक्त दोन. वाईट इतकंच की वाळूवर होडी ओढताना पाइप चेपतो, म्हणून तो पठाणाच्या आडोशाला बसवा आणि पुढच्या टोकाला लाकडाची फळी द्या. त्यावर कालवं-शिंपले धरले की थंड होणं कमी होतं. तळ खरवडताना पाइपही खरवडायचा. बाहेरचं पाणी आपल्याकडे २७ ते ३० अंशांचं, त्यामुळे थंड मुलखातल्या पुस्तकातली लांबी घेऊ नका, पाइप सढळ ठेवा.

या पद्धतीत इंजिनाचं पाणी फिरवायला छोटा पंप लागतो. काही जण जुन्याच पद्धतीने उंच टाकी ठेवून, गरम पाणी आपोआप वर चढतं यावर भागवतात. विहिरीकाठी ते जमतं, हलत्या होडीत भरवसा नाही.

पाणी किती फिरलं पाहिजे?

ढोबळ हिशेब असा: जळणातल्या उष्णतेचा एक हिस्सा कामाला लागतो, साधारण तेवढाच धुरातून जातो आणि जवळपास तेवढाच थंड करणाऱ्या पाण्यात. १० एचपीचं इंजिन पूर्ण भारावर पाण्यात साडेसात किलोवॉटच्या आसपास उष्णता टाकतं. पाणी १० अंश तापू द्यायचं असेल तर मिनिटाला सुमारे ११ लिटर हवं. पाणी धुरातही सोडणार असाल तर थोडं जास्त.

रबरी इम्पेलरचा (पाणी ढकलणाऱ्या पात्यांच्या चाकाचा) पंप वापरत असाल तर तो कोरडा फिरू देऊ नका. पाणीच त्याचं वंगण. समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद ठेवून इंजिन सुरू केलं, तर मिनिटभरात पात्या तुटतात आणि तुकडे पुढे जाऊन नळ्यांत अडकतात. नवा इम्पेलर घातला तरी इंजिन तापतच राहतं, ते या तुकड्यांमुळे. मोजून सगळे बाहेर काढा.

धुराचा पाइप कसा न्यायचा?

उघड्या होडीत कोरडा, सरळ वर. सायलेन्सर उभा, टोकाला पावसाची झडप, आणि हाताच्या उंचीपर्यंत ग्लास फायबरची पट्टी गुंडाळलेली. पूर्ण भारावर धूर ४०० अंशांच्या पुढे जातो. शेजारी जाळं, नायलॉनचा दोर किंवा फायबरची कड असता कामा नये. जुन्या लोकांकडे अॅस्बेस्टॉसची दोरी पडलेली असते. ती तिथेच पडू द्या, छातीला घातक आहे.

इंजिन पेटीत किंवा फळीखाली असेल तर ओला एक्झॉस्ट: थंड करून झालेलं समुद्राचं पाणी धुरात सोडायचं, मग पुढे रबरी नळी चालते, आवाजही मरतो. दिसायला छान, पण चांगली इंजिनं सर्वांत जास्त इथेच बुडाली आहेत. पाणी धुरात जिथे सोडता ती जागा एक्झॉस्ट व्हॉल्व्हपेक्षा चांगली खाली हवी आणि तिथून पाइप उतरता हवा. ही जागा पाण्याच्या पातळीपासून १५ सेंटीमीटरपेक्षा वर नसेल, तर पाण्याची नळी आधी पातळीच्या फूटभर वर नेऊन तिथे सायफन तोडणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. नाहीतर इंजिन बंद केल्यावर समुद्र स्वतःहून हळूहळू आत येत राहतो, आणि सकाळी हँडल मारलं की सिलिंडरभर पाणी. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

तोच धोका इंजिन सुरू होत नसताना असतो. हँडल मारत राहिलं की पंप पाणी ढकलत राहतो, पण ते बाहेर फेकायला धूर नसतो. दोन-चार प्रयत्नांत सुरू झालं नाही तर समुद्राचा कॉक बंद करा, सुरू झाल्याबरोबर उघडा. उघडायला विसरलात तर वर सांगितलेला इम्पेलर आहेच.

गिअरबॉक्स लागतोच का?

न्यूट्रल आणि रिव्हर्स नसलेली होडी धक्क्याला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या होडीवर आपटणं. त्यामुळे हो. १५०० फेऱ्यांच्या इंजिनाला २:१ रिडक्शनचा छोटा मरीन गिअरबॉक्स ठीक, जागा असेल तर ३:१. सावकाश फिरणारा मोठा पंखा जास्त ओढ देतो.

गाडीचा गिअरबॉक्स लावून चालवणारे आहेत. त्यात अडचण दात्यांची नाही, रेट्याची आहे. पंखा पाणी मागे ढकलतो आणि शाफ्ट पुढे रेटतो. होडीला हलवणारा सगळा जोर शाफ्टच्या टोकावर येतो. मरीन गिअरबॉक्समध्ये तो झेलायला थ्रस्ट बेअरिंग असतं, गाडीच्या गिअरबॉक्सला त्या दिशेने जोर घ्यायची सवय नसते. लावायचाच असेल तर शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग, पक्क्या पायावर, आणि गिअरबॉक्सच्या मागे जोर न पोचवणारं कपलिंग. एवढं करून झाल्यावर खर्च मांडा, मरीन गिअरबॉक्स फारसा महाग वाटणार नाही. फ्लायव्हील आणि गिअरबॉक्समध्ये स्प्रिंगची किंवा रबराची डॅम्पर प्लेट हवीच. एका सिलिंडरचा प्रत्येक ठोका नाहीतर गिअरच्या दात्यांवर बसतो.

शाफ्टची ओळ कशी जुळवायची?

होडी पाण्यात असताना. जमिनीवर टेकूंवर ठेवलेली होडी आणि तरंगती होडी यांचा आकार एक नसतो, लाकडी होडी तर पाण्यात गेल्यावर दिवसभर बसत असते. जमिनीवर अंदाजे जुळवा, पाण्यात सोडा, एक दिवस जाऊ द्या, टाकीत डिझेल भरा, मग फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काढा.

गिअरबॉक्सच्या आणि शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट काढायचे. आधी दोन्ही तोंडं एकमेकांत हाताने, जोर न लावता बसतात का बघा. पहारीने उचलून बसवावी लागत असतील तर अजून गेज हातात घ्यायची वेळ आलेली नाही. लटकता शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली झुकतो, तो अर्धा उचलून धरायला कोणाला तरी सांगा. आता तोंडं जवळजवळ टेकवून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फट मोजा. कपलिंगच्या व्यासाच्या दर इंचाला एक हजारांश इंच इतका फरक चालतो: चार इंची कपलिंगला ०.१ मिलिमीटर. वरची फट जास्त असेल तर इंजिनाचं मागचं टोक वर बघतंय, पुढचे पाय उचला. पत्र्याच्या पट्ट्या घालत, बोल्ट आवळत, पुन्हा मोजत जायचं. बोल्ट आवळला की मोजमाप बदलतं, म्हणून आवळल्यानंतरचंच खरं. मग शाफ्ट पाव फेरा फिरवून पुन्हा चारही जागा. फट शाफ्टबरोबर फिरत राहिली तर ओळ चुकलेली नाही, कपलिंग किंवा शाफ्टच वाकडा आहे, आणि तो लेथवरच सरळ होणार.

या कामाला अख्खी दुपार जाते. मेकॅनिक घाई करायला लागला तर चहा पाजा, पण बोल्ट आवळू देऊ नका.

इंजिन तिरकं बसवलं तर चालतं का?

थोडं. विहिरीवरची इंजिनं सपाट पायावर चालायला बनवलेली, ऑइल पंपाचं तोंड संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या कुंडाच्या) तळाशी एका जागी. आठ-दहा अंशांच्या आत ठेवा आणि तेलाच्या पट्टीवरची खूण त्याच तिरकेपणात नव्याने पाडून घ्या.

रबरी माउंट बसवू का?

एक सिलिंडरच्या जड इंजिनाला नको. मऊ रबरावर ते इतकं हलतं की शाफ्ट, ग्लँड (शाफ्ट होडीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारी जुळणी), पाइप सगळंच मऊ करत बसावं लागतं. सागवानाच्या किंवा ऐनाच्या लांब तुळया घ्या, होडीच्या आडव्या कण्यांवर जितक्या मागे-पुढे नेता येतील तितक्या न्या, आणि इंजिन त्यांवर थेट बसवा. हादरा लांबीवर वाटला जातो. फायबरच्या होडीत या तुळया फायबरने पूर्ण मढवा.

ग्लँडमधून पाणी गळतं, आवळू का?

गळू दे. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडलेच पाहिजेत, त्या पाण्यानेच ग्लँड डोरी थंड राहते. थेंब बंद होईपर्यंत आवळलं की डोरी जळते, शाफ्टला खाच पडते, आणि मग कितीही आवळा, धार लागते. तासभर चालवल्यावर ग्लँडला हात लावा, कोमट चालेल, चटका नको. डोरी बदलताना प्रत्येक कडी वेगळी कापून सांधे एकाखाली एक येणार नाहीत अशा बसवा; एकच लांब डोरी गुंडाळून कोंबू नका. शाफ्ट ३१६ स्टेनलेसचा घ्या.

पंखा किती इंची?

हिशेब करून बघू. इंजिन १५०० फेरे, रिडक्शन २:१, म्हणजे पंखा ७५०. होडी ५ नॉटने जाते, म्हणजे मिनिटाला १५४ मीटर. एका फेऱ्यात होडी २०.६ सेंटीमीटर, सुमारे ८ इंच पुढे सरकते. पण पाणी घट्ट नसतं, पंखा घसरतो. अशा जड होडीत ४० टक्के घसरण धरा. ८.१ भागिले ०.६, साडेतेरा इंच पिच, म्हणजे न घसरता पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर. सात एचपीला या फेऱ्यांवर व्यास १६-१७ इंचांच्या घरात येतो. म्हणून १६×१३ किंवा १७×१३ पासून सुरुवात. व्यास एक इंच कमी करावा लागला तर पिच साधारण दोन इंच वाढवून भार तेवढाच राहतो. पात्याचं टोक आणि होडीचा तळ यांत व्यासाच्या १५ टक्के मोकळी जागा, म्हणजे अडीच इंच, नाहीतर प्रत्येक पातं तळावर ढोल वाजवतं.

उथळ खाडीत १७ इंची पंखा वाळूला लागत असेल तर लहान घ्यावा लागेल आणि थोडी ओढ गमवावी लागेल. फिरण्याची दिशा मात्र गिअरबॉक्स लावून, प्रत्यक्ष बघून, मगच डावा-उजवा पंखा सांगा.

पूर्ण थ्रॉटलला काळा धूर येतो आणि फेरे चढत नाहीत.

पंखा जड झालाय. धक्क्याला न्यूट्रलमध्ये १५०० फेरे येणं काही सिद्ध करत नाही; होडी भरलेली, पाणी मोकळं, थ्रॉटल पूर्ण, अशा वेळी यायला हवेत. १३५० वर अडकत असेल तर पिच कमी करा. आधी तळ आणि पंखा साफ आहे ना बघा, आणि इंजिनपेटीला हवेचं भोक आहे ना. ६६१ सीसीचं इंजिन मिनिटाला चारेकशे लिटर हवा ओढतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पांढरा सकाळी थोडा वेळ ठीक, राहिला तर नोझल तपासा किंवा पाणी आत येतंय का बघा.

गव्हर्नर एकाच वेगाचा आहे, होडीत वेग कमी-जास्त कसा करू?

गव्हर्नर काढू नका. लाटेत पंखा पाण्याबाहेर आला की इंजिनाला सुसाट सुटण्यापासून तोच रोखतो. स्प्रिंगचा ताण बदलणाऱ्या स्क्रूच्या जागी लिव्हर आणि केबल बसवा, तळाला ८०० फेऱ्यांच्या आसपास अडसर. त्याखाली ही इंजिनं ठोके चुकवतात. बंद करायची केबल वेगळी, आणि सुकाण्यावरून हात पोचेल अशी.

डिझेलची टाकी कशाची?

स्टेनलेस, फायबर किंवा जाड प्लॅस्टिकची. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची नको, डिझेलला जस्त मानवत नाही. तळाशी पाणी काढायचा कॉक, इंजिनाआधी पाणी वेगळं करणारा पारदर्शक वाटीचा फिल्टर, आणि टाकीच्या तोंडाशीच बंद करायचा कॉक. हेलकाव्यांनी तळाचा गाळ ढवळला जातो, म्हणून शेतात कधी चोक न झालेला फिल्टर होडीत पंधरा दिवसांत चोक होतो.

डिझेल किती पडेल?

सात एचपी पूर्ण भारावर ताशी दीड लिटर. पण पंख्याचा भार फेऱ्यांच्या घनाने बदलतो: फेरे ८० टक्क्यांवर आणले तर ताकद निम्मी लागते, डिझेल पाऊण-एक लिटरवर येतं आणि वेग नॉटभराने कमी होतो. नोंदणीकृत यांत्रिक नौकांना मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा मिळतो, त्याची चौकशी संस्थेत करा.

कागदपत्रं?

मासेमारीची होडी मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदवलेली असते, त्यात इंजिनाचा तपशील असतो. इंजिन बसवलं किंवा बदललं की नोंद दुरुस्त करून घ्या, नाहीतर विमा आणि परतावा दोन्ही अडतात. प्रवासी किंवा पर्यटक नेणार असाल तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची तपासणी, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स. तिथे घरगुती जुळणी सहज पास होईल या भ्रमात राहू नका, काम सुरू करण्याआधी विचारा.

एवढं करून पैसे वाचतात का? ९.९ एचपीची आउटबोर्डच का घेऊ नये?

इंजिन फुकट असेल तरी गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, गनमेटलचं सामान आणि मजुरी मिळून खर्च बऱ्यापैकी होतो. वर्षातून चार वेळा गळ टाकायला जाणाऱ्याने आउटबोर्ड घ्यावी, उचलून घरी न्यावी. रोज चार-सहा तास जाणाऱ्याला पेट्रोल आणि डिझेलमधला फरक दिसतो, आणि डिझेल तिथे जिंकतं.

पावसाळ्यात काय करायचं?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होडी वर ओढलेली असते. ओढण्याआधी इंजिन गोड्या पाण्यावर पंधरा मिनिटं चालवा. जुनं तेल गरम असतानाच काढून नवं भरा. जुन्या तेलातलं आम्ल दोन महिने बेअरिंगवर बसू देऊ नका. इम्पेलर काढून ठेवा. हवेच्या तोंडातून चमचाभर तेल सोडून, डिकॉम्प्रेशन उघडं ठेवून हँडल दोन-चार फेरे फिरवा, मग एक्झॉस्टचं तोंड चिंधीने बंद करा. चिंधी बाहेरून दिसेल अशी लोंबती ठेवा, नारळी पौर्णिमेच्या गडबडीत ती आतच राहते.

इंजिन बुडालं. आता?

सुरू करायचा प्रयत्न करू नका. वर काढल्यावर लगेच काम करता येणार नसेल तर ते गोड्या पाण्यात बुडवून ठेवलेलं बरं, कारण खरा गंज हवा लागल्यावर धरतो. काम सुरू करताना गोड्या पाण्याने आतबाहेर धुवा, नोझल काढा, हँडलने सिलिंडरमधलं पाणी बाहेर फेका, संपमधलं सगळं काढा. सिलिंडरमध्ये तेल घाला, संपमध्ये स्वस्तातलं तेल भरा, डिझेलची टाकी, नळ्या आणि फिल्टर साफ करून एअर काढा आणि मग सुरू करा. थोडा वेळ चालवून तेल बदला, पांढुरकं दिसेनासं होईपर्यंत पुन्हा बदला. हे त्याच दिवशी झालं तर इंजिन वाचतं. आठवड्याने आणलेलं इंजिन मेकॅनिक घेतो, पण रिंगा चिकटलेल्या असतात.

होडीत कायम काय ठेवू?

इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट, डिझेल फिल्टर, नोझलचा पाइप, पट्टा, ग्लँड डोरी, दोन लिटर तेल, पाइपाला आवळायच्या स्टेनलेस क्लिपा, तळाच्या प्रत्येक भोकाच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने त्या त्या कॉकलाच बांधलेली. आणि वल्ही.